चिंचओढ्याला मोटार येते

॥ श्री ॥

बारामती, ता. ४ डिसेंबर १९३२

तीर्थरूप तात्यांच्या चरणी बालक सिद्धूचा शिरसाष्टांग दंडवत, वि. वि.

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. रागवा, पण वाचून झाल्यावर रागवा. मी खुशाल आहे. मधे दौंडच्या टेशनावर हमाली केली. तितं मोठ्या रुळांच्या गाड्या बघून बघून मान दुखायला लागली, म्हणून छोट्या गाडीत बसून बारामतीस आलो. ही छोटी गाडी इतक्या सावकाश चालते की एक म्हातारी मधेच उतरली, रुळावरची शेळी हाकलली आणि पुन्हा चढली. मी डोळ्यानं बघितलं, थाप नव्हे. शेळी काळी होती. ते राहू द्या.

आता मी सर्व्हिस मोटारीवर क्लीनर आहे. बारामती ते इंदापूर आणि परत. सकाळी हँडल मारून तिला उठवायची, पाणी पाजायचं, टपावर गाठोडी आवळायची आणि चढ लागला की लोकांना खाली उतरवून मागनं ढकलायची. ड्रायव्हर भिमा म्हणतो, तुझ्या हाताला गुण हाय पण तोंडाला लगाम न्हाय. मालक रामहरीशेठ, इथले भुसार व्यापारी. माणूस हसतमुख, पण डोक्यात सदा तराजू.

मुद्दा असा. शेठनी दुसरी मोटार घेतली आहे. बाजारादिवशी ती सडक सोडून आडगावात न्यायची, माणसं आणि माळवं भरायचं आणि पुण्याकडं जाणारं माळवं छोट्या गाडीला गाठून द्यायचं, असा बेत. आडगावं दोनच नजरेत आहेत, आपलं चिंचओढे आणि घागरवाडी. मी ऐकलं आणि टपावरनंच ओरडलो की चिंचओढ्याला न्या, घागरवाडीत जत्रेला जमत नाहीत तेवढी माणसं आमच्याकडं नुसती विहिरीवर असतात.

शेठनी काय करावं? ओळखीच्या कारकुनाकडनं मागच्या खानेसुमारीचा आकडा मागवला होता, तो सगळ्यांदेखत वाचला. आपलं गाव घागरवाडीच्या निम्मं! शेठ म्हणाले, अरे, तुझं हे गाव हाय का नुसती वस्ती? भिमा म्हणाला, एवढ्या माणसांस्नी मोटार कशाला, एक तट्टू पुरे. चहाच्या दुकानातले सगळे हसले. ज्याचा चहा मी रोज उधार पितो तोही हसला, ते जास्त लागलं.

त्या खानेसुमारीला गावातनं घरोघर तुम्हीच हिंडला होता, तात्या. मग आपलं गाव गेलं कुठं? शेठचा निकाल अजून पक्का नाही, पण पारडं घागरवाडीकडं झुकलंय. लवकर कळवा.

इथं तंबूत बोलणारा शिणेमा आला आहे. त्यातला राजा बोलतो, पण तोंड हलून गेल्यावर मग बोलतो. काकीस दंडवत. लांब असलो तरी या लेकरावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
सिद्धू

॥ श्री ॥

मौजे चिंचओढे, ता. १५ डिसेंबर १९३२

चिरंजीव सिद्धू यास सावळारामचे अनेक आशीर्वाद, उपरी विशेष.

तुझे पत्र पोचले. टपालवाला निमगाव केतकीहून आठवड्यातून एकदाच येतो, त्यात त्याचा पाय मुरगळला, म्हणून उत्तरास उशीर. तू हमाली सोडलीस, हे चवथी इयत्ता सोडलीस तसेच झाले. पण मोटारीचे काम बरे दिसते. बाप गेल्यावर तुला मी वाढवला तो सुखी असावास म्हणून, एका जागी असावास ही आशा मी कधीच सोडली.

तू विचारतोस, गाव गेले कुठे. गाव आहे तिथेच आहे. त्या वेळी सरकारचा हुकूम असा की घरच्यांनी तोंडाने सांगावे तेच लिहावे. मी दारात उभा राहून विचारी, पोरे किती? आतून उत्तर येई, देवाची दया हाय. आता देवाची दया कोणत्या रकान्यात लिहू? फारच नेट लावला तर एखादी म्हणे, बरं बाबा, लिवा एक. आणि तिच्या पदराआडून तीन डोकी माझ्याकडे बघून हसत. आपल्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. पोरांच्या ताटातल्या भाकरी मोजत नाहीत. मग पोटची पोरे कोण मोजू देईल? दृष्ट लागते, हे कोणत्याही बाईला साहेबापेक्षा जास्त कळते.

आपल्या घरी तर कहर. तुझ्या काकीने सगळी नातवंडे कणगीमागे दडवली, सुनांना मळ्यात धाडले आणि उंबऱ्यात उभी राहून मला, माझ्याच घरी, सांगितले की आमी दोघंच असतोय. मी तेच लिहिले. सरकारच्या कागदावर मी पदरचे काही लिहीत नाही आणि बायकोच्या तोंडी लागत नाही. अशा रीतीने माझीच नातवंडे मी कागदावर जन्माला येऊ दिली नाहीत.

घागरवाडीचे म्हणशील, तर मोजणीच्या रात्री त्यांच्याकडे लग्न होते. नियम असा की त्या रात्री जो जिथे, तो तिथला. सगळे वऱ्हाड मोजले गेले. इंदापूरचे वाजंत्रीसुद्धा घागरवाडीचे रहिवासी झाले.

पण हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हे. आदल्या सांजेला निघालेली आपली बैलगाडी बारामतीस पोचते तोवर छोटी गाडी सुटलेली असते. मग वांगी आणि पेरू तिथेच मिळेल त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून यावे लागते. कालव्याचे पाणी आले, जमीन सोन्यासारखी पिकू लागली, आणि पिकलेले न्यायला रस्ता नाही. यंदाचा पेरू बघशील तर मोटारीवरून उडी टाकशील. मोटार एकदा घागरवाडीला लागली की शेठ पुन्हा आपल्या ओढ्याकडे वळून बघणार नाही. तेव्हा तू शेठला खरे काय ते सांग.

आता पुढचे बोल तुझ्या काकीचे. मी नुसता बोरू चालवतो.

सिद्धू, ल्योका, हे तुझं तात्या मला दोष द्यायलं हाईत, पर मी पुन्यांदा बी तेच करीन. मोजलेली पोरं कुणाची वाढल्यात? त्या मालकाला म्हनावं, कागूद बघून काय गाव कळतंय व्हय? एकदा ये आन डोळ्यानं बघून जा. आन तू उधारीचा च्या पिऊ नगस. दूध पीत जा.

कळावे. तुझी आठवण या घरात रोज निघते, तिला पत्राचे पाणी मिळत राहो.

तुझा चुलता,
सावळाराम

॥ श्री ॥

बारामती, ता. २४ डिसेंबर १९३२

तीर्थरूप तात्या यांस सिद्धूचा दंडवत, वि. वि.

तुमचं पत्र मी शेठना वाचून दाखवलं. कणगीमागच्या नातवंडांपाशी आल्यावर शेठ इतके हसले की उपरण्यानं डोळे पुसले. मला वाटलं जिंकलं. पण डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, गोष्ट झ्याक हाय, पण गोष्टीवर मोटार चालत न्हाय, तिला तेल लागतंय. घागरवाडीचा पाटील म्हणे त्यांना दोनदा येऊन भेटून गेला.

मग मी काकीचं वाक्य जसंच्या तसं टाकलं, एकदा या आणि डोळ्यानं बघून जा. भिमा मधेच म्हणाला, आन मोकळी मोटार परत आली म्हंजे? माझ्या तोंडाला लगाम नाही हे खरंच. मी बोलून गेलो की मोटार गच्च भरून निघाली नाही तर हे हँडल मी तुमच्या पायाशी ठेवीन आणि चालत जाईन. शेठ म्हणाले, ठेव, आणि ते तेलकट फडकंही ठेव.

तेव्हा ठरलं. संक्रांत झाल्यावर, बाजाराच्या आदल्या दुपारी, शेठ स्वतः नवी मोटार घेऊन येणार. रस्ता बघणार, माणसं बघणार. मोटार चिंचओढ्यातनं गच्च भरून सडकेला लागली तर बाजाराची फेरी आपली. नाही लागली तर घागरवाडीची, आणि मी रस्त्यावर.

तात्या, एक मनातलं सांगू? हे काम मला सोडायचं नाही. गुऱ्हाळावर राहिलो, दौंडला राहिलो, मधे वडगाव निंबाळकरला मुक्ताअक्काच्या घरी राहून तुमच्या जावयांची म्हैस राखली, कुठंच जीव रमला नाही. मला एका जागी बसवत नाही. हे काम असं आहे की मी आपल्या जागेवरच असतो आणि जागा पळते.

अडचण ओढ्याची आहे. गाडीवाट आपल्या ओढ्यात दाणकन उतरते आणि तळाला वाळू. बैल वाळूतनं पाय काढतो, मोटार काढत नाही, ती जितकी जोर करते तितकी खाली बसते. दोन्ही अंगांना सोयीचा उतार हवा आणि तळाला दगड हवेत, वर मुरूम. मी एकदा लासुर्ण्याजवळ वाळूत रुतलेली मोटार बघितली आहे. ती काढायला बैल जुंपले होते आणि बैलवाला मोटारवाल्याकडं असा बघत होता, असा बघत होता, की त्याच्या चेहऱ्यासाठी मी तितं तासभर थांबलो. भिमाला माझ्यासाठी ताटकळावं लागलं म्हणून त्याच्या शिव्या खाल्ल्या. आपल्या ओढ्यात तसं व्हायला नको.

मुक्ताअक्कालाही कळवलं आहे. तुमच्या आशीर्वादाचा हात पाठीवर असू द्या, आता तो लागणार आहे.

तुमचा,
सिद्धू

॥ श्री ॥

मौजे चिंचओढे, ता. ८ जानेवारी १९३३

चिरंजीव सिद्धूस अनेक आशीर्वाद, उपरी विशेष.

पत्र चावडीवर मोठ्याने वाचले. तू हँडल पायाशी ठेवण्याचे बोललास, तिथे सगळे सरसावून बसले. मग गेणू लोहार उठला आणि म्हणाला की आपल्या गावचं पोरगं भर बाजारात आपल्यासाठी शब्द देऊन बसलंय, आता ओढा भरला न्हाय तर आमी मिशा कशाला ठेवायच्या? त्याला मिशा नाहीत, हे कोणी काढले नाही, इतका तो क्षण गंभीर होता.

दुसऱ्या दिवसापासून काम धरले. पुरुषांनी दोन्ही दरडी खणून उतार पाडले. टेकाडावरचे दगड गाड्यांनी आणले आणि वाळू उपसून तळाला बसवले. वरचा मुरूम मात्र बायकांनी टाकला. सिद्धू, मी पुष्कळ पाहिले आहे, पण असे पाहिले नव्हते. टेकाडापासून ओढ्यापर्यंत बायकांची रांग लागली होती आणि पाटी हातोहात सरकत होती. तान्ही पोरे चिंचेच्या फांद्यांना झोळीत टांगली होती. एकेका फांदीला इतक्या झोळ्या की झाडाला चिंचा आल्या आहेत की पोरे, समजेना. वेशीबाहेरच्या वस्तीवरचेही आले. धनगरांची मेंढरे शेवटी त्यावरून नेली, त्यांच्या खुरांनी मुरूम असा बसला की रोलर नको.

मी बांधावर उभा होतो आणि सवयीने ओठ हलू लागले. तुझी काकी पाटी घेऊन निम्म्या रांगेत होती. तिथून ओरडली की अवो, मोजायलाय व्हय? मी म्हटले, नाही, जप करतो. ती म्हणाली, जप डोळं मिटून करत्यात. मी डोळे मिटले. सगळी रांग हसली. पण तुला सांगतो, डोळे मिटले तरी ऐकू येत होतेच. एवढ्या बांगड्यांचा आवाज एका ठिकाणी मी आजवर ऐकला नव्हता. हे आपले गाव आहे, मग कागदाने काहीही म्हणावे.

रस्ता तयार आहे. वेशीला चुना दिला. धोंडाबाई, जी माझ्या आईच्या वयाची आणि जिने उभ्या जन्मात ओढा ओलांडून सडक पाहिली नाही, ती रोज विचारते की मोटार गडी का बाई? काकीने निकाल दिला की घरोघर जाऊन माणसं गोळा करती, तवा बाईच. तू शेठला निर्धास्त घेऊन ये. माणसांची काळजी करू नकोस.

तब्येतीस जप. तू तिकडे आहेस म्हणून आम्हांला तिकडचा रस्ता जवळचा वाटतो.

तुझा,
सावळाराम

॥ श्री ॥

वडगाव निंबाळकर, ता. ३ फेब्रुवारी १९३३

चिरंजीव सिद्धू यास अक्काचे आशीर्वाद.

तू एक पत्र धाडलंस की मोटार येणार हाय, आणि मग गप. आबांनी, तुझ्या तात्यांनी, मला चार अक्षरं शिकवली ती अशा भावांना शिव्या लिहायलाच, असं आता वाटतं. संक्रांत जाऊन किती दिवस झाले. इथं आमच्या सासूबाई रोज विचारतात, तुझ्या माहेरच्या मोटारीचं काय झालं? मी म्हणते, येणार. ह्यांनी तर परवा म्हटलं की ओढ्यात रुतली असंल आणि तुझा भाऊ तिच्यावर बसून बासरी वाजवत असंल. आमची म्हैस तुझ्यानंतर कुणालाच नीट दूध देत नाही, म्हणून त्यांचा तुझ्यावर राग आहे.

खरं सांगू का, सिद्धू, मला फार लागून राहिलं आहे. बाळाला अजून माझ्या आईनं, तुझ्या काकीनं, बघितलं नाही. इथून बारामती कशीही गाठता येते, पण पुढं सडकेवर उतरून अंगावरचं पोर आणि बोचकं घेऊन कोसभर वाटेनं कोण जाऊ देतं? मोटार वेशीपर्यंत गेली तर मी उन्हाळ्यात येईन. नाही तर आणखी एक वरीस. आबांना विचारवत नाही, त्यांना बोल लागायचा. तू काय झालं ते सगळं लिही. अर्ध्यात शेळ्यामेंढ्यांकडं वळू नको.

बहिणीची ओढ ध्यानात ठेव, आणि कार्डावर नको, चांगलं लांब लिही.

तुझी,
मुक्ताअक्का

॥ श्री ॥

बारामती, ता. १२ फेब्रुवारी १९३३

तीर्थस्वरूप मुक्ताअक्का हिचे चरणी सिद्धूचा दंडवत, वि. वि.

बासरी मला येत नाही, हे मेव्हण्यांना सांग. बाकी सगळं सांगतो, सरळ सांगतो.

दुपारी आम्ही सडक सोडली. पुढं भिमा, त्याच्याजवळ शेठ, मी मागच्या पायरीवर. मोटारीत दुसरं कुणी नाही. वाटेत एक मुंगूस आडवं गेलं... नाही, मुंगूस नको. ओढ्याच्या काठावर आलो आणि भिमानं मोटार थांबवली. मला वाटलं घाबरला. तो उतरला, खाली गेला, पायानं मुरूम दाबून बघितला आणि परत येऊन शेठना म्हणाला की ह्यो रस्ता सरकारनं केल्याला दिसत न्हाय, लईच चांगला हाय. मोटार ओढ्यातनं अशी गेली, अक्का, जशी ताटातनं वाटी सरकवावी. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याची गुंडी गेली.

आणि वर आलो तर गाव! वेशीच्या दोन्ही बाजूंना, कट्ट्यांवर, छपरांवर, चिंचेवर. हलगी, तुतारी. शेठ उठून उभेच राहिले. ज्या पोरांना कागदावर जागा नव्हती ती सगळी एकदम मोटारीपुढं धावत होती. मी भिमाच्या कानात म्हटलं, तट्टू पुरंल का? त्यानं भोंगा दाबला.

मग आपल्या माणसांनी घोटाळा केला. घोटाळा म्हणजे आदर, पण त्या दिवशी तो घोटाळाच होता. काकी आणि शेजारची साखरबाई घागर घेऊन आल्या आणि चारी चाकांवर पाणी घातलं. पाहुणीचे पाय धुतले म्हणे. दिव्यांना हळदकुंकू लावलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. नारळ फोडला. शेठना पाटावर बसवून पेरू दिले, भिमाला दूध दिलं. सगळं झाल्यावर शेठ मोटारीपाशी आले आणि म्हणाले, चला, बसा आता, कोण कोण येतंय?

कोणी हललं नाही.

मी टपावर चढून ओरडलो, बसा, बसा की! बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. मी गेणू लोहाराला हाताला धरून ओढलं, तर तो हात सोडवून म्हणाला, आसं कसं बसायचं? आत्ताच पूजा केली. मी आबांकडं बघितलं. ज्यांनी सगळा बेत पत्रात वाचला होता, चावडीवर वाचून दाखवला होता, त्या माझ्या तात्यांनी, अक्का, उपरणं सावरलं आणि शेठना समजावून सांगितलं की आमच्यात नवा बैल दारी आला की त्याची पूजा करत्यात आणि त्या दिवशी त्याच्यावर जू ठेवत न्हाईत, तवा आज मोटारीला विसावा, बसायचं उद्या.

शेठ हसले नाहीत. म्हणाले, तुमची रीत चांगली आहे, पण मी मोकळी मोटार नेणार आणि उद्या येणार नाही. आणि माझ्याकडं बघितलं. मी हँडल हातात घेऊन उभा. सगळ्या गावाला माझा शब्द ठाऊक होता, आणि सगळं गाव माझ्या हाताकडं बघत होतं. आबांचा चेहरा मला बघवेना. रीत मोडावी तर गावाची मान खाली जाते, पाळावी तर माझी. मी हँडल मारलं, मोटार चालू झाली, आणि ते हँडल शेठच्या पायाशी ठेवायला वाकलो.

तेवढ्यात काकी पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि आबांना विचारलं की पाहुणी जेवून निघाली तर तिला घालवायला वेशीपर्यंत कोण जातंय, का एकटी सोडत्यात? आबा म्हणाले, घालवायला जायचंच असतंय. मग काकी म्हणाली, हिची वेस सडकंला हाय. ही काय चालत जानार न्हाय, मग आमी कसं चालत जायचं? पाहुणीच्या जोडीनं जायाचं म्हंजे तिच्यासंगं बसूनच जावं लागंल. आणि एवढं बोलून ती मोटारीत चढली. लुगड्याचा काष्टा आवरून, पहिल्या बाकावर, राणीसारखी.

आबा म्हणाले, हे बरोबर हाय. इतक्या जोरात म्हणाले की छपरावरची कबुतरं उडाली.

मग काय सांगू तुला! पाहुणीला घालवायला न जाणारा कोण असतो आपल्या गावात? बाकं भरली, बाकांमधली जागा भरली, मडगार्डावर माणसं, टपावर माणसं, पायरीवर मी एका पायावर. गेणू लोहार पुढं मोटारीच्या नाकावर बसला. शेवटी धोंडाबाईला दोघांनी उचलून आणलं. तिला जागाच नाही. शेठ पुढच्या शिटावर होते, ते उठले आणि म्हणाले, आजी, तुमी बसा. धोंडाबाई बसली. शेठ वळले, तर त्यांनाच कुठं बसायला जागा राहिली नव्हती.

त्यांनी मोटारीला एक फेरी मारली. कुणी उठेना. धोतर खोचलं आणि चालायला लागले. मोटार पुढं, आणि मागनं रामहरीशेठ, आणि त्यांच्या मागं उरलेलं गाव, हलगीसकट. ओढ्याच्या चढाला मोटार दमली, तेव्हा मागच्यांनी हात लावला. मी मागं वळून बघितलं, तर शेठही ढकलत होते. अंगरखा मुरमानं तांबडा झालेला, आणि त्यांच्या शेजारी फुलाबाईंची धाकटी सून, तिच्या कडेवर पोर, आणि ते पोर शेठच्या पागोट्याला ओढत होतं.

सडकेवर सगळे उतरले. काकीनं मोटारीला नमस्कार केला आणि ये गं पुन्हा, असं म्हणाली. धोंडाबाई मात्र उतरेना. सडकेकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली, आणि म्हणाली की एवढाच व्हय तुमचा रस्ता? मला वाटलं लई मोठा असंल.

शेठ पोचले तेव्हा घामानं भिजले होते. आबांना विचारलं, गाव सगळं आलं का? आबा नम्रपणे म्हणाले की न्हाय जी, निम्मी माणसं मळ्यात हाईत, पाण्याची पाळी हाय आज. शेठ सडकेच्या कडेला दगडावर बसले आणि तेव्हा हसले. असे हसले, अक्का, की भिमानं त्यांना पाणी आणून दिलं. मग उठून आबांना म्हणाले, घागरवाडीच्या पाटलाला मी सांगतो, तुम्ही उद्याच्या बाजाराला पेरू तयार ठेवा.

त्यानंतरचे सगळे बाजार झाले आणि एकही फेरी चुकली नाही. आपली वांगी छोट्या गाडीनं पुण्याला जातात. काकी म्हणते, माझी वांगी माझ्या आधी पुण्याला गेली. तू उन्हाळ्यात नको, होळीलाच ये. बारामतीला मी तुला पुढची जागा धरून ठेवतो, बाळाला घेऊन थेट वेशीत उतर. आणि तिथं कुणी विचारलं की लेकरं किती, तर काय सांगायचं ते तुला ठाऊकच आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी निघताना शेठनी मोटारीच्या कपाळावरच्या पाटीकडं बघितलं. तिच्यावर रंगानं 'बारामती' आणि 'इंदापूर' लिहिलं आहे, मधे थोडी मोकळी जागा. शेठनी खिशातनं खडू काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, लिही तुझं गाव. मी चवथीतनं पळालेला. सगळं गाव उभं, आबा उभे. मी नाकावर चढून 'चिंचओढे' लिहिलं. जागा कमी, म्हणून अक्षर बारीक आलं. रंगारी आणू का, असं शेठनी मागनं विचारलं, पण मीच नको म्हटलं. सडकेच्या धुळीनं ते दर फेरीला पुसून जातं, आणि दर बाजारी सकाळी, मोटार उठवायच्या आधी, मी ते पुन्हा लिहितो. हल्ली अक्षर जरा मोठं काढतो. 'बारामती'ची वेलांटी त्याखाली झाकली गेली, तर अजून कुणी तक्रार केली नाही.

मेव्हण्यांना रामराम, सासूबाईंना दंडवत, म्हशीच्या पाठीवर माझ्या नावानं एक थाप. तुझी माया आहे तशीच असू दे, मी हिंडलो तरी ती जागेवर सापडते.

तुझा,
सिद्धू